पुस्तकात नसलेली बाई

नव्या माणसाशी ओळख झाली की लोक गाव विचारतात, नोकरी विचारतात. नागोराव विचारायचे, "खुनाची पुस्तकं वाचता का?" काळा चष्मा, पांढऱ्या मिशा आणि हातात काठी अशा थाटाचा म्हातारा हे विचारायला लागला की समोरचा आधी जरा मागेच सरायचा. मग नागोराव हसून म्हणायचे, "भ्यायचं काम नाही. आपला मेलेला माणूस कागदावरच मेलेला असतो."

हे वेड त्यांना बॉयलरनं लावलं. हिंगोलीकडचा हा गडी ऐन तरुणपणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आला, कापड रंगवायच्या एका कारखान्यात बॉयलरवर लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच चिकटून राहिला. बॉयलरची नोकरी म्हणजे काटा बघत बसायचं. काटा हलला नाही की माणूस पेंगतो, आणि माणूस पेंगला की नेमका काटा हलतो. तेव्हा जागं राहायला कुणी तंबाखू मळायचं, कुणी भजनं म्हणायचं. नागोरावांच्या बॉयलरवर रहस्यकथा चालायच्या. रद्दीतून आणलेलं एकच पुस्तक तिन्ही पाळ्यांत फिरायचं. पहिल्या पाळीवाला पानाचा वरचा कोपरा दुमडायचा, दुसरीवाला खालचा, आणि रात्रपाळीवाला मधे आगपेटीची काडी घालून ठेवायचा. पाळी बदलताना पाण्याची पातळी सांगून झाली, वाफेचा दाब सांगून झाला की जाणारा येणाऱ्याला विचारायचा, "कुणावर संशय?" पुढं काय झालं ते सांगायचं नाही, फक्त आपापला संशय सांगायचा, असा तिथला कायदा होता. एका नव्या भरतीनं एकदा खुनी कोण ते सांगून टाकलं, तर तिन्ही पाळ्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं.

पुस्तक संपवण्यात नागोरावांना फारशी गोडी नव्हतीच. खरी मजा अर्ध्यावर, असं त्यांचं ठाम मत. अर्ध्यावर असताना घरातला प्रत्येक माणूस खुनी असतो, माळीसुद्धा. शेवटी एकटाच उरतो आणि तोही बहुतेक आपल्याला आधीपासून न आवडणाराच निघतो. मग त्यात काय बोलायचं?

आता ते सगळं गेलं. काचबिंदूनं आधी कडेचं दिसेनासं केलं, मग समोरचं. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आलात. आता उजेड आहे की अंधार, एवढं कळतं. बरोबरीचे गडी निवृत्त होऊन आपापल्या मुलखाला परतले. मुलगा कैलास चाकणला कामाला. त्याची मुलगी अपेक्षा सुट्टीत आली तेव्हा आजोबांच्या मोबाइलवर गोष्टी वाचून दाखवणारं काहीतरी लावून गेली. नागोरावांनी थोडे दिवस ऐकलं आणि बंद करायला लावलं. "ती बाई खून झाला हे असं सांगते, जसं काही पुढचं स्टेशन पालघर," ते म्हणाले. शिवाय तिला मधेच थांबवून तिच्याशी भांडता येत नाही, ही मोठीच अडचण.

मग उरली रत्नाबाई, त्यांची बायको.

रत्नाबाई सातवी पास. शाळेत धडा वाचायला गुरुजी तिलाच उभं करायचे, हे नागोरावांनी लग्नाच्या बैठकीत ऐकलं होतं आणि अजून विसरले नव्हते. बाकी तिचं सगळं आयुष्य परातीपाशी गेलं. बोईसरला खैरापाड्यातल्या चाळीत त्यांच्या दोन खोल्या. कारखान्यांत कामाला आलेले बिहारकडचे, ओडिशाकडचे एकटे राहणारे लोक तिचे डबे खायचे. नागोरावांची पेन्शन म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. घर चालायचं ते डब्यांवर. लोकांच्या जशा पाळ्या, तशी तिची शेगडी. पहिल्या पाळीचे डबे पहाटे, दुसरीचे दुपारच्या आत, रात्रपाळीचे संध्याकाळी. कामगाराला तिन्हींपैकी एकच पाळी करावी लागते. रत्नाबाई तिन्ही करायची.

दुपारी मधे जो काही वेळ हाती लागायचा त्यात ती भाजी निवडायची, पीठ चाळायची, भांडी घासायची. आणि नेमके तेव्हाच पलंगावरून नागोराव म्हणायचे, "कैलासच्या माय, ये, बस जरा. वाच."

आणि ती हात पुसून बसायची.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो. खुनाची पुस्तकं लिहिणारे खरं काय ते शेवटपर्यंत दडवतात आणि वाचणाऱ्याला दमवतात. आपल्या गोष्टीत आधीच एक बाई दमलेली आहे, आणखी कुणाला दमवायची गरज नाही. तर खरं ते असं, की रत्नाबाई वाचता वाचता झोपायची. भिंतीला पाठ लागली की पान-दीड पानात तिचे डोळे मिटायचे आणि पुस्तक मांडीत उतरायचं. आवाज थांबला की नागोराव म्हणायचे, "हं, पुढं?" आणि रत्नाबाई मिटल्या डोळ्यांनी पुढं बोलायची. पुस्तकातलं नव्हे, तोंडाला येईल ते. नवऱ्यानं हाक मारली आणि आपण ओ दिली नाही असं तिच्या हातून लग्नापासून कधी झालं नव्हतं. जागेपणी झालं नाही ते झोपेत कुठलं व्हायला?

नागोरावांना यातलं काही कळत नव्हतं. त्यांना दिसत नव्हतं, आणि ऐकताना ते स्वतः त्या बंगल्यात असायचे.

बंगला म्हणजे पुस्तकातला. दिवाळी सरल्यावर त्यांनी ते सुरू केलं होतं. कव्हर आणि पहिली पानं फाटलेली, त्यामुळे नाव कुणालाच ठाऊक नाही. घाटातला बंगला, त्यात रावसाहेब मरून पडलेले, खोली आतून बंद आणि उशाशी दुधाचा रिकामा पेला. घरात पुतण्या, मुनीम, डॉक्टर आणि माळी. इन्स्पेक्टर येऊन सगळ्यांना उलटसुलट विचारतोय. माल जुनाच, पण नागोरावांना तो ताजा लागायचा.

"इन्स्पेक्टरांनी खिडकीची कडी तपासली," रत्नाबाई शाळेतल्यासारखी ठसठशीत वाचत होती. "कडीवर धूळ होती. याचा अर्थ..."

आवाज थांबला.

"हं, पुढं?"

"याचा अर्थ... कणिक सैल झाली. चारला उठायचं हाय. पायाच्या नळ्या फुटूलाल्यात नुसत्या..."

नागोराव पलंगावर ताडकन उठून बसले. म्हणजे बंगल्यात स्वयंपाकाची बाईही आहे! इतकी पानं झाली, लेखकानं तिचा उल्लेखही केला नव्हता, आणि आता असं हळूच आणून उभी केली. आणि भाषा काय घातली तिच्या तोंडी! बाकी सगळं पुस्तक शुद्ध पुण्याचं, ही बाई तेवढी थेट हिंगोलीची. लेखक नक्की आपल्याकडचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. आपल्या बाईचं दुखणं एवढं नेमकं लिहिणारा दुसरीकडचा असूच शकत नाही. त्यांचा ऊर अभिमानानं भरून आला.

त्यानंतर ती बाई रोज यायला लागली, कारण झोपही रोजच यायची.

हे सगळं सांगायला नागोरावांना एक जण मिळाला होता. जवळच्या पाम गावचा शांताराम. त्याची घरची वाडी होती. वांगी, पडवळ, शेवग्याच्या शेंगा घेऊन तो रोज बोईसरला यायचा आणि चाळीच्या तोंडाशी बसून विकायचा. टोपली रिकामी झाली की ओट्यावर नागोरावांच्या शेजारी टेकायचा. त्याची बायको रखमा जाऊन तीन पावसाळे झाले होते, त्यामुळे घरी जायची त्यालाही घाई नसायची. आयुष्यात त्यानं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. पण बॉयलरवरचा कायदा नागोरावांनी त्याला शिकवून ठेवला होता.

"कुनावर संशय?" बसल्या बसल्या शांताराम विचारायचा.

"काल मुनीम होता. आज ती बाई."

"सैपाकवाली?"

"तीच. आता बघ, दूध कोन नेऊन देतंय? तीच. आन् लेखक तिला कशी दाखवूलालाय बघ की. नाव सांगत नाही, तोंड दाखवत नाही. नुसते पाय दुखतेत, झाकनं सापडत नाहीत, एवढंच. ज्याचं नाव लेखक दडवतो त्याला सोडायचं नसतंय, शांताराम. दमलेलं माणूस काय बी करू शकतं."

शांतारामनं विडी पेटवली. "दमलेली बाई खून नाय करत, नागोराव. तिला येळ कुठं हाय? खून करायचा म्हनजे आधी निवांत बसून इचार करायला लागतो."

नागोरावांना हे पटण्यासारखं नव्हतं. त्यांनी बॉयलरवर वाचलेल्या पुस्तकांतले दाखले दिले. एका मोलकरणीनं कसं विष घातलं, एका नर्सनं कशी उशी दाबली. शांताराम ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "तुमी काय पन बोला. ती बाई नाय." पेन्शनीत निघालेला बॉयलरवाला आणि वांगी विकणारा वाडीवाला, दोघं एका नसलेल्या बाईवरून रोज दिवेलागणीपर्यंत भांडायचे, आणि ती बाई त्यांच्या मागच्याच खोलीत रात्रपाळीच्या पोळ्या लाटत असायची.

मग एक दिवस नागोराव ओट्यावर आले तेच हात चोळत.

"पक्कं झालं," ते म्हणाले. "पळून जायचा बेत हाय तिचा. आज म्हनली, एक दिवस परात तशीच ठेवावी आन् गाडीत बसावं. वाणगावच्या पुढं कुठं तरी उतरावं, जिथं कुणी वळखत नाही. बाकड्यावर पडावं. कुणी हाक मारू नाही. आन् गंमत बघ, लेखक इथं फसला! इतके दिवस घाट कुठला ते दडवलं होतं त्यानं. आपल्या बोईसरच्या पुढचं वाणगाव म्हनल्यावर कळलं, बंगला जव्हारच्या घाटातला हाय."

शांताराम हसला नाही. विडी तशीच हातात विझली.

"गेली का मंग ती?"

"अजून नाही. पुढं कळंल."

"तुमच्या इनिसपेक्टरला सांगा, तिला धरू नको म्हनावं. जाऊ दे तिला." मग विझलेली विडी टाकून तो म्हणाला, "आमची रखमा अशीच वाडीत बसली एक दिवस. मी म्हनलो, ऊठ, वांगी काढायची हायत. ती बसली ती बसलीच. मला वाटलं, नाटक करते."

गोष्टीत मधेच खरं माणूस मेलेलं आणलं की नागोरावांची पंचाईत व्हायची. त्यांनी विषय परत मुनिमावर नेला, पण शांतारामचं लक्ष तिथं नव्हतं. त्यानं टोपली उचलली आणि जाता जाता म्हणाला, "उद्या दुपारचा येतो मी. ती बाई काय बोलते ते मला माज्या कानानं ऐकायचं हाय."

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला, हातात शेंगांची जुडी घेऊन. वारा कारखान्यांकडून वाहत होता आणि चाळीत सगळीकडे रसायनांचा नेहमीचा आंबूस वास भरला होता. दार उघडंच होतं. नागोरावांनी पावलं ओळखली आणि ओठांवर बोट ठेवून त्याला उंबऱ्यातच बसवलं. आत वाचन चालू होतं. इन्स्पेक्टर माळ्याला विचारत होते, रात्री कुत्रा भुंकला की नाही. माळी म्हणत होता, कुत्रा भुंकला नाही, कारण...

आवाज थांबला.

नागोरावांनी शांतारामच्या दिशेनं बोट नाचवलं. आता बघ, आता येते ती. आणि म्हणाले, "हं, पुढं?"

"...कारण... झाकनं कुठं ठिवली गं माय... जरा टेकू द्या ना मला... आलेच, आलेच मी..."

शांतारामला जे दिसलं ते असं. रत्नाबाई भिंतीला टेकून बसलेली होती, मान एका खांद्यावर कलंडलेली, डोळे मिटलेले. पुस्तक मांडीवरून घसरून फरशीवर मिटून पडलं होतं. वाचताना ओळीवर बोट ठेवायची तिची सवय, ते बोट अजून तसंच पुढं होतं, रिकाम्या पदरावर. ओठ हलत होते. गालावर पिठाचा पांढरा पट्टा होता.

तो नागोरावांना खुणा करायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं की आंधळ्याला खुणा करून काय उपयोग. त्यानं उठून त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना बाहेर ओट्यावर आणलं.

"काय झालं?" नागोराव चिडले. "आत्ता तर ती बोलायला लागली होती."

"नागोराव, पुस्तक खाली पडलंय."

"आं?"

"जमिनीवर हाय. मिटलेलं. वैनी झोपल्यात. कवाच्या झोपल्यात."

"मग बोलूलालंय कोन?"

"त्याच. तुमी हं म्हनता आनि त्या बोलतात. झोपेत पन तुमाला जबाब देतात. तुमी गप बसले असते तर त्या नीट झोपल्या तरी असत्या." शांतारामनं शेंगांची जुडी ओट्याच्या कडेला ठेवली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. सगळा बंगला पालथा घालणारा, मुनिमाच्या चपलेवरचा चिखल पकडणारा हा डिटेक्टिव्ह, आणि बाई कोण ते त्याला वांगी विकणाऱ्यानं सांगावं लागलं. बॉयलरवर नागोरावांचा कान नावाजलेला होता. पंपाचा आवाज जरा कोरडा झाला तरी ते झोपेतून उठून पाणी बघायचे. साहेब लोक म्हणायचे, काट्यापेक्षा नागोरावचा कान खरा. त्या कानाला जागी बायको आणि झोपलेली बायको यांच्या आवाजातला फरक कळला नव्हता. कळायला तो कधी लावलाच नव्हता, हे त्यांना आता कळलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. नुसती लाज नव्हे, भीतीही वाटली, कारण वाणगावच्या पुढं उतरायचं म्हणणारी बाई आता पुस्तकातली उरली नव्हती.

"मी तिलाच खुनी ठरवलं की रे," ते पुटपुटले.

शांतारामनं त्यांच्या हातात काठी दिली आणि तो आपल्या टोपलीकडे गेला.

आत रात्रपाळीच्या डब्यांसाठी लावलेला मोबाइलचा गजर झाला तशी रत्नाबाई दचकून जागी झाली. रोजच्यासारखं तिनं आधी पुस्तक चाचपलं, पान शोधून कोपरा दुमडला, ते फळीवर ठेवलं आणि परात ओढली. नागोराव आत येऊन पलंगाच्या कडेवर बसले.

"कैलासच्या माय, या पुस्तकात एखादी बाई हाय का गं?"

"बाई? नाही बा. सगळे बापेच हायत. एक म्हातारा मेलाय आन् बाकीचे हिकडून तिकडं हिंडूलालेत. त्या घरात सैपाक कोन करतंय, देवालाच ठाऊक." ती पीठ मळत होती. "काऊन?"

"काही नाही." मग ते म्हणाले, "उद्यापासून वाचू नको. दुपारची झोपत जा तू."

पिठाचा आवाज थांबला. नागोरावांना वाटलं, ती सुखावली असेल. आयुष्यात एकदा तरी आपल्याला शहाणपण सुचलं. पण रत्नाबाईचा आवाज बारीक होऊन आला.

"माझं वाचणं गोड लागंना का आता?"

"तसं नाही गं. तू दमतीस."

"मग दिवसाढवळ्या आडवं पडू? भांडी पडलेली असतेत, पीठ चाळायचं असतंय. आडवं पडलं की तेच डोळ्यापुढं नाचतंय, मग उठून बसावं लागतंय. तुमाला वाचून दाखवायचं म्हनून तर बूड टेकतंय माझं. तेवढं एक काम असं हाय की बसून करता येतंय. ते बी बंद केलं, तर मी बसू कवा?"

तिच्या वाट्याचं जेवढं होतं तेवढंही आपण उपकार म्हणून काढून घेत होतो, हे नागोरावांच्या ध्यानात आलं. झोप म्हणून दिलेली झोप तिला घेता येत नव्हती. कामातून चोरलेलीच तेवढी तिला पचत होती.

"बरं, वाच," ते म्हणाले. मग अगदी हळू विचारलं, "तुला कुठं जावंसं वाटतंय का?"

"कुठं?"

"कुठं बी. गाडीत बसून."

"मग डबे कोन करंल?" रत्नाबाई म्हणाली. "पाय घ्या जरा वर, तेलाचा डबा काढायचाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी नागोरावांनी रोजच्याच आवाजात, किंबहुना जरा जास्तच कडक आवाजात हाक मारली. "वाचतीस ना? ये, बस." रत्नाबाई हात पुसत आली आणि भिंतीशी बसली. माळ्याचा कुत्रा का भुंकला नाही ते कालच्यापासून राहिलं होतं. तिनं ते वाचलं. कुत्र्याला आधीच कुणीतरी भाकरी टाकून फितवलं होतं. नागोरावांच्या मनात लगेच डॉक्टर आला. डॉक्टरच्या खिशात भाकरीचा चुरा सापडला होता, ते पूर्वी कुठंतरी येऊन गेलं होतं.

"तेवढ्यात डॉक्टर पुढे झाले आणि म्हणाले, इन्स्पेक्टर, मला एक गोष्ट..."

आवाज थांबला.

हं त्यांच्या जिभेवर आलंच होतं. ते त्यांनी दातांखाली धरलं. डॉक्टरला काय सांगायचं होतं, देव जाणे. ते ऐकण्यासाठी जीव नुसता तळमळत होता, कारण इतक्या वर्षांच्या अनुभवानं त्यांना पक्कं ठाऊक होतं की खुनी आपण होऊन पुढं येतो तो नेमका असाच. पण त्यांनी तोंड उघडलं नाही. फरशीवर पुस्तक पडल्याचा हलका आवाज झाला. मग तिचा श्वास ऐकू यायला लागला. आधी तो अडखळत होता, जसं काही कुणी आत्ता हाक मारणार आहे. हाक आली नाही. मग तो लांब लांब होत गेला, आणि नंतर तिच्या घशातून बारीक घोरणं सुरू झालं. रत्नाबाई घोरते, हे नागोरावांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

शेजारची मैनाबाई गाळणी मागायला आली. नागोरावांनी हात वर करून तिला दारातच थांबवलं. तिनं आत पाहिलं, आंधळा म्हातारा राखणीला बसलाय आणि बाई भिंतीशी गाढ झोपलीय. ती आल्या पावली परत गेली.

गजर वाजला तेव्हा मात्र धांदल उडाली. मोबाइल कुठं आहे ते शोधत नागोराव गुडघ्यांवर फरशी चाचपत फिरले. एक वाटी सांडली. मोबाइल हाताला लागला तर कुठलं बटण दाबावं ते कळेना, म्हणून त्यांनी सगळीच दाबली. एकदाचा तो गप्प झाला. कुणाला तरी फोन लागला असेल तर लागो. रत्नाबाई कूस बदलल्यासारखी हलली, कलंडली आणि फरशीवर आडवी झाली.

उजेड कमी झाल्याचं त्यांना जाणवलं. रात्रपाळीचे डबे न्यायला एक ओडिशाचा वेल्डर दारात आला. नागोराव दबक्या आवाजात म्हणाले, "आज नहीं हुआ. देर होगा." वेल्डरनं आत डोकावून पाहिलं. "सोने दो, चाचा," तो म्हणाला, "हम बाहर खा लेंगे." पण तो एकटाच असा. बाकीचे येऊन बोलणार, कुणीतरी डबा बंद करणार, हे नागोरावांना कळत होतं. उद्या तिला त्याचंही ओझं होणार. त्यांच्या हातात देण्यासारखं होतं ते एवढंसंच, आणि त्यालाही असा तोटा चिकटलेला.

रत्नाबाई उठली ती ओरडतच.

"अगं माय! दिवे लागले की! गजर कसा झाला नाही? आवं, मला उठवलं काऊन नाही? आता त्या लोकायनं काय खावं? तुमाला काय, पडल्या पडल्या पोळी मिळती!" भांडी आदळली. पायाला लागलेली वाटी गडगडत गेली. नागोराव मुकाट ऐकत होते. तिचा तो आवाज त्यांनी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. झोप झालेल्या माणसाचा आवाज होता तो, भरलेला आणि कडक.

"आन् हं म्हनायला काय झालं होतं तुमाला?" ती परात ओढता ओढता म्हणाली. "रोज तर हं हं म्हनून डोकं खातात. आज वाचा बसली होती का?"

"ऐकत होतो."

"काय ऐकत होतात? मी तर कवाच झोपले होते."

"तेच ऐकत होतो," नागोराव म्हणाले.

बऱ्याच वेळानं परातीत पीठ पडल्याचा आवाज आला, आणि रोजच्यासारखा तो घाईनं आला नाही.